जुन्या वह्या आणि धावती अक्षरे
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या जुन्या पेढीवरची किंवा वाड्यातली लाकडी पेटी उघडली, की तीत बहुधा चार हातांची अक्षरे सापडतात. लाल कापडाच्या बांधणीच्या लांबट वह्यांत मारवाडातून आलेल्या मुनिमाची मुडिया लिपी असते. खरेदीखते, गहाणखते आणि फारखती मराठीत, पण मोडी अक्षरांत लिहिलेल्या असतात. पुसद-उमरखेडकडील घर असेल तर निजामशाहीतील एखादी सनद फारसी वळणाची निघते. या सर्वांच्या वर इंग्रजी अमदानीतील कचेरीची एखादी नक्कल असते आणि तिच्यावर कारकुनाने टाकाने भरभर ओढलेली इंग्रजी ओळ असते. घरातील शिकलेसवरलेले नातू पेटीभोवती जमतात. मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तिन्ही भाषा त्यांना उत्तम येतात, तरी चारांपैकी एकही कागद त्यांना सलग वाचता येत नाही. येणारी भाषा न वाचता येणे ही जरा विचित्र अवस्था आहे, आणि आजच्या विवेचनाचा विषय तीच आहे.

या लिप्यांची नावे पाहिली तरी त्यांचा स्वभाव कळतो. मोडी म्हणजे मोडलेली, वळवलेली. फारसीच्या धावत्या लेखनाला शिकस्त म्हणतात आणि त्या शब्दाचाही अर्थ मोडलेले असाच आहे. मुडिया या नावातही लोक मुरडण्याचाच अर्थ पाहतात. इंग्रजांनी आपल्या धावत्या अक्षरासाठी घेतलेला लॅटिन शब्द ‘धावणे’ या क्रियापदावरून आलेला आहे. दूरदूरच्या लेखकांना एकच गरज पडली होती. काम पुष्कळ होते, वेळ थोडा होता आणि दर अक्षराला लेखणी उचलणे परवडणारे नव्हते. अशा घाईत लिहिणाऱ्याने जेवढे श्रम वाचवले, तेवढे वाचणाऱ्याच्या माथी आले. समकालीन वाचकाला ते जड गेले नाहीत, कारण कागदात काय असणार हे त्याला निम्मेअधिक आधीच ठाऊक असे. शंभर वर्षांनंतरच्या वाचकाजवळ नेमके तेच राहिलेले नाही.

मोडीचा उगम यादवांचा प्रधान हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याच्याशी जोडण्याची परंपरा आहे आणि शिवकाळात बाळाजी आवजी चिटणीस यांनी तिला वळण दिले असे सांगतात. परंपरेचा भाग बाजूला ठेवला, तरी ही लिपी कित्येक शतके मराठी कारभाराचा कणा होती यात शंका नाही. बोरूने प्रथम ओळीची शिरोरेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढावयाची आणि मग तिला अक्षरे टांगत जावयाचे. शब्द तोडावयाचा नाही, विरामचिन्ह द्यावयाचे नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही. काना-मात्रा लागली की मूळ अक्षराचे रूपच पालटते, आणि ‘र’ तर शेजारी बदलला की स्वतःही बदलतो. म्हणून तक्त्यावरून चौदाखडी पाठ केलेला विद्यार्थी पहिल्याच खऱ्या कागदापाशी अडतो. तक्त्यातले अक्षर एकटे उभे असते, कागदातले दोन्ही शेजाऱ्यांचे हात धरून पळत असते.

यातून होणारा घोटाळा केवळ शुद्धलेखनाचा नसतो. कापसाच्या या मुलखात ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा हे दोन्ही शब्द एकाच रूपात येतात. त्याहून अवघड जागा शब्दांच्या जोडणीत असते. एखाद्या कर्जखतात ‘दिलेनाहीतरघ्यावे’ असे सलग आले, तर ‘दिले नाही, तर घ्यावे’ असे वाचावे की ‘दिले, नाहीतर घ्यावे’ असे? पहिल्या वाचनात देणे थकलेले आहे, दुसऱ्यात ते फिटलेले आहे. निर्णय अक्षरे देत नाहीत. तो मागच्या-पुढच्या ओळींवरून, रकमेवरून आणि त्या काळच्या खतांच्या ठरावीक वाक्यरचनेवरून करावा लागतो. मोडीचा मुरलेला वाचक डोळ्यांइतकाच स्मरणाने वाचतो, तो याचसाठी.

‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार सर्वांच्या तोंडी आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. त्यांना धरण्याच्या आज्ञेतील ‘धरावे’चे ‘मारावे’ केले गेले, अशी ती कथा आहे. तिच्याकडे दंतकथा म्हणूनच पाहणे बरे. तथापि एका अक्षरावर माणसाचे प्राण अवलंबून असू शकतात, हे मराठी समाजाला पटले होते म्हणूनच ती टिकली.

मारवाडी व्यापाऱ्यांची मुडिया किंवा महाजनी लिपी याहूनही काटकसरीची. तिच्यात काना, मात्रा, वेलांटी बहुधा लिहीतच नसत, केवळ व्यंजनांचा सांगाडा कागदावर उतरे. याविषयीचा एक किस्सा राजस्थानापासून विदर्भापर्यंत सर्वत्र सांगितला जातो. ‘काकाजी अजमेर गया’ असे पत्र गावी पोचले. तिकडे ते ‘काकाजी आज मर गया’ असे वाचले गेले आणि घरात रडारड सुरू झाली. हसण्यासाठी हा किस्सा ठीक आहे. मात्र अशा संदिग्ध लिपीत लाखोंचे व्यवहार चालले आणि हुंड्या दूरच्या शहरांत वटल्या, हेही तितकेच खरे. ते कसे जमले, हे हुंडीच्या मजकुरातच दिसते. रक्कम आकड्यांत लिहीत, अक्षरांत लिहीत आणि शिवाय तिचे निमे सांगून त्याची दुप्पट, असे पुन्हा लिहीत. पाचशेची हुंडी असेल तर ‘निमे अडीचशे, त्याचे दुणे’ असा उल्लेख येई. आपली लिपी दगा देऊ शकते हे व्यापारी पुरते ओळखून होते आणि त्याचा बंदोबस्त त्यांनी लिपीत न करता मजकुरात केला होता. त्यांच्या व्यवहारज्ञानाचे इतके नेमके उदाहरण क्वचितच मिळेल.

आकड्यांची स्वतंत्र अडचण आहे. रुपयाच्या आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे चार आणे, दोन म्हणजे आठ आणे, तीन म्हणजे बारा आणे. ‘५॥’ म्हणजे साडेपाच रुपये. इंग्रजी आकड्यांवर वाढलेला डोळा त्या रेघांना एकाचे आकडे समजतो आणि साडेपाचाचे पाचशे अकरा होतात. सनांचेही तसेच. मारवाडी वहीत विक्रम संवत असतो, त्यातून साधारण ५७ वजा करावे लागतात. मराठी कागदात शके असेल तर ७८ मिळवावे लागतात. दक्षिणेतील फसली सनात ५९० च्या आसपास मिळवतात. पेशवाईतील कागदावर सुहूर सन असतो, तोही अरबी संख्यावाचक शब्दांत. ‘खमस सबैन मया व अलफ’ याचा अर्थ पाच, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे ११७५. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७४-७५ येते. हे शब्द ठाऊक नसतील तर मोडी अस्खलित येऊनही वाचक तिथे थबकतो आणि ‘सबैन’ला एखाद्या माणसाचे नाव समजतो.

वऱ्हाडच्या कागदांत फारसीचे मिश्रण इतके का, याचे कारण राजकीय आहे. १८०३ च्या देवगावच्या तहापूर्वी येथे निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दोअमली होती. नंतर हा मुलूख निजामाकडे गेला आणि १८५३ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात आला. त्यामुळे एकाच शेतजमिनीची कहाणी तीन राजवटींच्या अक्षरांत विखुरलेली असू शकते. शिकस्त लेखनात नुक्ते गाळण्याची सवय होती. फारसी लिपीत ब, प, त, न आणि य ही अक्षरे शब्दाच्या मध्ये आली, की त्यांच्यातील फरक केवळ नुक्त्यांनी कळतो. नुक्ते गेले की पाचही जणांचा चेहरा सारखाच. हिशेबातील रकमा सियाक पद्धतीने, म्हणजे अरबी संख्याशब्दांच्या आखूड खुणांनी मांडलेल्या असत. उर्दू उत्तम जाणणारा मनुष्यही हा कागद पाहून हात जोडतो.

इंग्रजी अक्षर तरी सोपे असावे, अशी अनेकांची समजूत असते. तिला उत्तर या जिल्ह्याच्या जुन्या नावातच आहे. १९०५ पर्यंत हा जिल्हा वणी या नावाने ओळखला जाई आणि इंग्रज ते नाव ‘वून’ असे तीन अक्षरांत लिहीत : डब्ल्यू, यू, एन. धावत्या इंग्रजी लेखनात ही तिन्ही अक्षरे एकसारख्या खालवर जाणाऱ्या फाट्यांची बनतात, त्यामुळे कारकुनाने घाईत लिहिलेला तो शब्द करवतीच्या दातांसारखा दिसतो. ज्याला जुने नाव माहीत आहे त्याला तो क्षणात वाचता येतो. ज्याला माहीत नाही तो ‘यवतमाळ’ शोधत पाने उलटीत राहतो. पुसद तालुकाही १९०५ मध्येच वाशीम जिल्ह्यातून इकडे आला, म्हणून त्याचे त्यापूर्वीचे दप्तर भलत्याच नावाखाली असते. इतिहास-भूगोल न जाणता अक्षर वाचू पाहणाऱ्याची फसगत ती अशी. कचेरीतील इंग्रजीचे संकेतही वेगळेच. तारखेपुढे ‘इन्स्टंट’ असेल तर चालू महिना, ‘अल्टिमो’ असेल तर मागचा, हे आजच्या इंग्रजी शाळेत कोणी शिकवीत नाही.

हे सर्व संशोधकांच्या आवडीचे आहे, सामान्य कुटुंबाला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. विदर्भातील गावोगावच्या कोतवाल बुकात जन्म-मृत्यूच्या नोंदी होत आणि त्यांत जातीचाही उल्लेख असे. जात पडताळणीसाठी इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. त्या काळच्या जुन्या नोंदी पुष्कळदा मोडीत असतात. एखाद्या मुलीचा प्रवेश वा शिष्यवृत्ती तिच्या पणजोबांच्या नावाच्या ओळीवर येऊन ठेपते आणि ती ओळ वाचणारा मनुष्य जवळपास नसतो. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा मोडी आणि उर्दू कागद मोठ्या प्रमाणावर चाळावे लागले आणि जाणकारांचा तुटवडा सर्वांच्या ध्यानी आला. ज्या विद्येला नुसता छंद समजून बाजूला ठेवले होते, तिच्यासाठी जिल्हा कचेऱ्या माणसे शोधू लागल्या.

मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१७ मध्ये कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध स्वीकारण्याचे ठरविले. वऱ्हाड त्या वेळी मध्यप्रांतात असल्याने तो निर्णय येथे लागू नव्हता. परंतु छपाई, टंकलेखन यंत्र आणि शाळेतील बाळबोध यांच्यापुढे मोडी इथेही मागे पडली. हे एकट्या महाराष्ट्रात घडले असे नाही. जर्मनीत १९४१ मध्ये जुने धावते अक्षर शाळांतून हटविण्यात आले आणि आज तेथील तरुणांना आजोबांची पत्रे वाचवून घ्यावी लागतात. जपानमध्ये १९०० च्या शालेय सुधारणेनंतर जुन्या धावत्या लिपीचे वाचक घटत गेले. आता तेथे छायाचित्रावरून ती ओळखणारे ‘मिवो’ नावाचे अॅप २०२१ पासून उपलब्ध आहे. मोडीलाही २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले आणि २०२५ मध्ये रुरकीच्या आयआयटीने मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारी संगणकीय प्रणाली जाहीर केली. या प्रयत्नांचे स्वागतच आहे. मात्र यंत्राला शिकवण्यासाठी प्रथम कोणीतरी माणसाने कागद अचूक वाचून द्यावा लागतो. पुण्या-मुंबईच्या दप्तरांतील सुवाच्य पेशवेकालीन अक्षरावर तयार झालेले यंत्र दारव्ह्याच्या मुनिमाची मुडिया वाचील, ही अपेक्षा तूर्त तरी भाबडी आहे.

अक्षर दिसणे आणि अर्थ लागणे यांतील अंतर किती असते, याचे सर्वांत थोर उदाहरण शेजारच्या अमरावतीत घडले. ते धावत्या लिपीचे नाही. पण शब्द न तोडता लिहिलेल्या अपरिचित लिपीचे आहे, म्हणून येथे प्रस्तुत ठरते. षट्खंडागम आणि त्यावरील धवला टीका यांच्या ताडपत्री प्रती मूडबिद्री येथे जुन्या कन्नड लिपीत होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्या पुढाकाराने त्यांच्या प्रती करण्याचे काम सुरू झाले. मिरजेचे गजपती उपाध्ये हे त्यातील एक लेखक. पुढे कन्नडवरून नागरी आणि नागरीवरून पुन्हा नागरी, अशा प्रती होत गेल्या. दर उताऱ्यागणिक काही निसटत गेले, हे ओघानेच आले. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्राध्यापक डॉ. हीरालाल जैन यांनी अमरावती, आरा आणि कारंजा येथील प्रती समोर ठेवून संपादन केले आणि पहिला भाग १९३९ मध्ये अमरावतीहूनच प्रसिद्ध झाला.

त्या भागातील ९३ व्या सूत्रापाशी संपादक अडले. उपलब्ध प्रतींत जो पाठ होता त्याच्याशी टीकेचे विवेचन जुळेना. तेथे ‘संजद’ हा शब्द असला पाहिजे, असे त्यांनी नोंदविले. त्यावरून मोठा वाद झाला, कारण शब्दाच्या असण्या-नसण्यावर सिद्धांताचा अर्थ अवलंबून होता. पुढे मूडबिद्रीच्या मूळ ताडपत्राशी ताडून पाहिले असता तो शब्द तेथे आढळला. त्याचा अर्थ कसा लावावा हा पंडितांचा विषय असून या व्यासपीठावर त्यात शिरण्याचे प्रयोजन नाही. नजरेत भरते ते वाचन. त्या सूत्रात ‘असंजद’, ‘संजदासंजद’ असे सारखे दिसणारे शब्द ओळीने येतात आणि शेवटचा ‘संजद’ उतरवून घेताना नजर पुढे सरकली असावी. ज्याने केवळ अक्षरे पाहिली त्याला उणीव दिसलीच नसती. संपादकांनी विषय जाणून वाचले, तरीही आपल्या मनचा शब्द मूळ पाठात घुसवला नाही. शंका शंका म्हणून मांडली आणि निर्णय ताडपत्रावर सोपवला.

घरगुती कागद वाचतानाही हीच रीत उपयोगी पडते. न लागलेल्या अक्षराची जागा कोरी सोडावी, अंदाजाने भरू नये. आरंभ पहिल्या ओळीपासून करण्याऐवजी जे ओळखीचे असणार तेथून करावा : गावाचे नाव, सावकार आणि कुळाची नावे, रक्कम, सन. वडगाव आणि पिंपळगाव विदर्भात पुष्कळ आहेत, म्हणून परगण्याचे नाव लागल्याखेरीज गाव निश्चित मानू नये. ओळखीच्या नावांतून जी अक्षरे हाती येतात त्यांचा त्याच लेखकापुरता तक्ता करावा. छापील तक्त्यापेक्षा तो अधिक कामाचा ठरतो, कारण हात बदलला की अक्षर बदलते. शक्य असेल तर एकच कागद दोघांनी स्वतंत्रपणे वाचावा आणि मग मेळ घालावा. मोडीचे प्रशिक्षण राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मिळू शकते. संचालनालयाचे विदर्भासाठीचे कार्यालय नागपुरात आहे. मुडियाची स्थिती याहून बिकट आहे. ती शिकविणारे वर्ग जवळपास नाहीत आणि ती वाचणारे जे मोजके वृद्ध अजून घराघरांत असतील, तेच आजचे विद्यापीठ. त्यांच्याकडून एक वही वाचून घेताना त्यांचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित केला आणि पानाचे छायाचित्र काढून ठेवले, तर पुढच्या पिढीच्या हाती निदान एक कुलूपकिल्ली राहील.

या वह्यांत घेणे-देणे तेवढेच आहे, असेही मानू नये. व्यापारावर बसवलेल्या धर्मादायाचे खाते त्यांत वेगळे असे. मंदिर, स्थानक, गोशाळा वा पांजरपोळ यांना कोणी केव्हा काय दिले, जागा कोणाची होती, विहीर कोणी बांधली, याच्या नोंदी संस्थेच्या रीतसर दप्तराआधीच्या काळात बहुतेक तेथेच सापडावयाच्या. नोंदणीकृत न्यासांचे इतिवृत्त मराठीत आणि बाळबोधीत असते; त्यामागची पन्नास-साठ वर्षे मात्र मुडियात आहेत. अनेक घरांनी जुन्या वह्या रद्दीत दिल्या किंवा पवित्र मानून नदीत सोडल्या. भावना आदराची असली, तरी पाण्यात शाई उरत नाही. कागद प्लॅस्टिकमध्ये कायमचा बंदिस्त करणे किंवा फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावणे हेही तितकेच घातक आहे.

श्रुतपंचमीला आणि ज्ञानपंचमीला ग्रंथभांडारातील पोथ्यांचे बस्ते सोडून, झटकून, नवे वेष्टन बांधण्याची प्रथा आहे. पेढीच्या वह्यांना त्या दिवशी कोणी हात लावीत नाही. यंदा त्या दिवशी पेटी उघडावी, दर वहीच्या पहिल्या पानावरील संवत, पेढीचे नाव आणि गाव एवढे तरी जाणत्याकडून वाचून घ्यावे, ते शिसपेन्सिलीने एका चिठ्ठीवर बाळबोधीत लिहावे आणि चिठ्ठी वहीत ठेवून सुती फडक्याची गाठ पुन्हा बांधावी. वाचता न आलेल्या वहीच्या चिठ्ठीवर तसेच लिहावे, आणि खाली तारीख घालावी.